रुखवतात गेलेलं चाक

लाज बायकांनी धरायची, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. अलिबागेहून लग्न होऊन गिरगावातल्या घरात आले आणि पाहते तर इथं सगळ्या घरादाराच्या वाटची लाज एकटे थोरले दीरच धरून बसलेले! आमचे हे धाकटे, तोंडाचे फाटके. मी तर बोलूनचालून फटकळ. ‘हिच्या जिभेला हाड नाही’ असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि त्याच घरात हे थोरले, अण्णा. फोर्टातल्या कचेरीत हेड कारकून, डोक्यावर पगडी, अंगात परीटघडीचा अंगरखा, हाताखाली माणसं, आणि वागणं मात्र कुणाच्या तरी घरी आगंतुक आल्यासारखं.

काहीही विचारा, उत्तर एकच. “छे, कुठं काय!” शिंक आली, “अण्णा, सर्दी झाली का?” “छे, कुठं काय!” आडकित्त्यानं बोट कापलं, रक्ताची धार लागली, तरी तेच. साहेबानं हेड कारकून केलं तेव्हा शेजारचे तात्या पेढे मागायला आले, तर त्यांनाही “छे, कुठं काय!” म्हणून वाटेला लावलं. तात्या बिचारे उलट्या पावली गेले आणि संध्याकाळी कचेरीतल्याच कुणी तरी त्यांना खरं सांगितलं. मग तात्या चार महिने आमच्याशी बोलेनात. माणसानं वाईट गोष्ट लपवली तर समजतं हो, चांगली गोष्ट लपवणारा हा एकच पाहिला मी.

याचं मूळ त्यांच्या पायात होतं. लहानपणी माळ्यावरून पडून डावी मांडी मोडली. हाडवैद्यानं बसवली, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. लंगडणं तसं फार नव्हतं. पण अण्णा रस्त्याच्या डाव्या कडेनंच चालत. डावं पाऊल फुटपाथच्या दगडावर, उजवं खाली रस्त्यावर. म्हणजे दोन्ही पाय सारखे पडत आणि लांबून बघणाऱ्याला काही कळत नसे. समोरून कुणी आलं, गाय आडवी बसली, की तिथंच उभे राहत, ती उठेपर्यंत. एकदा भर उन्हात म्हशीसमोर उभे असलेले मी गॅलरीतून पाहिले. मला हसू आवरेना आणि मागून वाईटही वाटलं.

अशा माणसाला एका चाकावर बसायचं वेड लागावं! देव कुणाला काय बुद्धी देईल, सांगता येत नाही.

झालं असं, की मैदानात सर्कस आली होती आणि पोराबाळांना घेऊन आमचे हे आणि अण्णा गेले होते. तिथं एक माणूस एकाच चाकावर बसून, हातात काही न धरता रिंगणात गरगर फिरला. पोरं घरी येऊन वाघासिंहांच्या गोष्टी सांगत सुटली.  अण्णा जेवताना आमटीत भात कालवता कालवता थांबले आणि एवढंच म्हणाले, “त्याचा कुठला पाय कसा आहे, ते कळतच नव्हतं.” हे म्हणाले, “कुणाचा?” तर, “छे, कुठं काय!”

पुढे त्यांच्या कचेरीतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत गेला. त्याची ती जुन्या तऱ्हेची सायकल, पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं वाटीएवढं, मोडून अडगळीत पडलेली. अण्णांनी ती पोत्यात गुंडाळून हातगाडीवर घरी आणली. तात्यांनी विचारलं, “काय हो, एवढं काय आणलंत?” आता इथं काही ‘कुठं काय’ चालण्यासारखं नव्हतं. अण्णा म्हणाले, “विहिरीला रहाट बसवायचाय.” झालं! मग वर्षभर तात्या येता जाता विचारत, “रहाट बसला का हो?” आणि अण्णा मान खाली घालून आत.

मागचं मोडकं चाक त्यांनी काढून टाकलं. आमच्या ह्यांनी विचारलंही, “अण्णा, अहो दोन चाकांची नीट करून घ्या की. पारशांची मुलं चालवतात हल्ली.” त्यावर अण्णांनी जे सांगितलं ते ऐकून मी दाराआड कपाळाला हात लावला. म्हणाले, “दोन चाकांची रस्त्यावर न्यावी लागते. एक चाक आपल्या मागल्या अंगणात फिरतं.” म्हणजे सर्कसवाल्यानं जी गोष्ट हजारो लोकांनी बघावी म्हणून केली, ती अण्णांनी कुणी बघू नये म्हणून निवडली.

आमचं मागलं अंगण फरसबंद होतं, तिन्ही बाजूंनी भिंत. रविवारी दुपारी वाडी झोपली, की तिथं अण्णांचा उद्योग चाले. मदतीला कोण, तर त्यांची मथू. एकुलती एक लेक, बापाच्या उलट धीट, मोठ्या डोळ्यांची. तिला सगळं विचारून व्हायचं. चाकाचं रबर सडून गेलं होतं आणि नुसती लोखंडी धाव फरशीवर खडखडली असती तर सगळी वाडी जागी झाली असती. मासळी घालायला येणाऱ्या पारू कोळणीनं ते चाक पाहिलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, “अगो बाय माजे, ह्या काय काढलाय गो?” मथूनं तिला सरळ सांगून टाकलं. पारू हसली नाही. दुसऱ्या दिवशी टोपलीत सुरमईखाली होडीचा जुना दोर घेऊन आली, राळेत बुडवलेला, हाताला चिकटणारा. तो अण्णांनी धावेभोवती आवळून बसवला. चाक फरशीवर असं मुकाट फिरायला लागलं की काय सांगू! वास मात्र असा सुटला, की संकष्टीच्या दिवशी सासूबाई घरभर विचारत हिंडल्या, “मेलं आज मासे कुणी आणलेत?”

मग डावं पायडल. अण्णांनी त्यावर लाकडाचा ठोकळा बसवला, दोन बोटं जाडीचा, म्हणजे आखूड पाय बरोबर पोचेल. लाकूड कुठलं? आमच्या पोळपाटाचं. पोळपाट तडकला म्हणून मी तो फणसाखाली टाकला होता, ते खरं. पण तडकलेला पोळपाटही विचारून घ्यावा माणसानं. बैठकीत काथ्या भरला आणि वरून जाऊबाईंच्या जुन्या रेशमी खणाचा तुकडा शिवला. तो शिवला मथूनं, टाके मी घातलेल्यापेक्षा बारीक.

इथवर सगळं गरजेचं होतं. पण हौस कुठं थांबते का? मथू म्हणाली, “अण्णा, ह्याला नटवायचं.” आणि बापानंही ऐकलं. धावेवर आतून हळदीचे आणि कुंकवाचे असावेत तसे पिवळे-तांबडे पट्टे ओढले. चाक थांबलेलं असताना ते पट्टे पट्टे दिसत, आणि फिरायला लागलं की सगळं मिळून एकच शेंदरी कडं होई. प्रत्येक आऱ्यात काचेचे मणी ओवले, हिरवे, निळे, मधूनच एखादा पोवळ्याच्या रंगाचा. चाक हळू फिरलं तर मणी आऱ्यावरून खालीवर घसरत आणि खळखळ वाजत. वेग धरला की सगळे मणी जाऊन धावेला टेकत आणि गप्प. अण्णांना त्याचा उपयोगही होता. मणी वाजायला लागले की समजायचं, वेग कमी पडतोय, आता पडणार.

पडत होतेच ते. कोपर फुटलं, हनुवटी फुटली. कचेरीत काय सांगत असतील ते त्यांनाच ठाऊक. पण एका रविवारी मी वाळवणं काढायला म्हणून मागल्या दारी गेले आणि जागच्या जागी थबकले. अण्णा ओट्याचा खांब धरून चाकावर चढले, खांब सोडला आणि निघाले. पगडी नाही, अंगरखा नाही, नुसतं धोतर कमरेला खोचलेलं. मणी वाजले आणि मग गप्प झाले. एक फेरी, दुसरी फेरी. पाठ ताठ, मान वर, दोन्ही पाय सारखे, आणि तोंडावर असं हसू की हा माणूस आमच्या घरातला आहे हे मला क्षणभर खरंच वाटेना. चाकावर ते लंगडे नव्हते. मथू मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती, आवाज येऊ नये म्हणून नुसत्या बोटांनी. मी वाळवण तसंच टाकून मागच्या मागं फिरले. त्यांनी मला पाहिलं असतं तर परत चाकावर पाय ठेवला नसता.

जाऊबाईंना मात्र हे सगळं काट्यासारखं सलायचं. त्यांचंही खरंच होतं. घरात लग्नाची मुलगी, आणि बाप सर्कशीतले खेळ करतो असं कुणी बोललं तर? तेव्हा तेराव्या वर्षी लग्न म्हणजे उशीरच. प्रभादेवीचं स्थळ आलं होतं, माणसं तालेवार, नारळाची वाडी, विहीर, चौसोपी घर. जाऊबाई रोज बजावत, “अहो, लग्न होईतो ते चाक कुणाच्या नजरेला पडता कामा नये. माझी शपथ आहे.” अण्णा म्हणत, “नाही पडणार.” त्यांना तर काय, लपवण्याची जन्माची सवय.

पण लग्न घरी! मांडव घातला तो मागल्याच अंगणात. माळ्यावर पाहुणे, कोठीत आचारी, ओटीवर वाजंत्री. चाक ठेवायला जागा म्हणून नाही. जाऊबाई रडकुंडीला आल्या, म्हणाल्या, “विहिरीत टाका नाही तर मीच जाते विहिरीत.” तेव्हा अण्णांना युक्ती सुचली, आणि युक्ती अशी की मी मी म्हणणारानं तोंडात बोट घालावं. त्यांनी बैठक आणि तिचा दांडा काढून माळ्यावर वाशाला बांधला. नुसतं चाक राहिलं, ते रुखवताच्या खोलीत भिंतीशी उभं केलं. त्यावर करंज्यांची माळ सोडली. दोन्ही पायडलांना जरीच्या कापडात गुंडाळलेला एकेक नारळ बांधला. मधे मोरपीस. आणि झालं की हो सुदर्शनचक्र! मांडवातल्या बायका येऊन बघत आणि म्हणत, “बाई बाई, काय कलाकुसर! कुणी केलं?” जाऊबाई सुटकेचा श्वास सोडून म्हणाल्या, “आमच्या मथूनं.”

आता, रुखवत बायकांचं खातं. पुरुषांना त्यातलं काय कळतं? अण्णांना वाटलं, लाडू-चिवडा जातो तेवढा जातो, शोभेचं राहतं. स्वतःच्या लग्नात ते मान खाली घालून बसले असणार, काय आलं नि काय गेलं ते कशाला बघतील! आणि आम्ही बायका कामाच्या धबडग्यात. आमच्याही ध्यानात आलं नाही, की रुखवतात मांडलं ते मांडलं. ते वरपक्षाचं. जानवशाला जायची वेळ झाली, वाजंत्री लागली, विहीणबाई खोलीत शिरल्या आणि त्यांच्या गड्यांना म्हणाल्या, “ते चक्र आधी उचला.”

अण्णा दारात उभे होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. व्याह्यांनी विचारलं, “काय अण्णासाहेब, काही अडचण?” अहो, बोलायचं ना तिथंच! पण बोलणार काय? की ते चक्र नाही, मी त्यावर बसतो? अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, “छे, कुठं काय!” चाक गड्याच्या डोक्यावरून, वाजंत्र्यांच्या मागोमाग, वाडीच्या तोंडातून बाहेर गेलं. मणी वाजत होते. मथू अंतरपाटाआधीच रडली, आणि सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

मथूची पाठवणी लगेच झाली. त्यानंतर रविवारी दुपारी अण्णा मागल्या अंगणात जाऊन बसत, नुसते. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवले होते, फरशी पुन्हा बसवली होती. जाऊबाई म्हणत, “सुटलो एकदाचे.” 

मग गणपती आले. प्रभादेवीहून दर्शनाचं बोलावणं आलं. जाऊबाई तापानं पडलेल्या, म्हणून अण्णा, आमचे हे आणि मी असे गेलो. ओटीवर पुरुष, माजघरात आम्ही बायका, मधलं दार उघडं. आणि ओटीवरच्या मखरात पाहते तर काय, गणपतीच्या पाठीमागे प्रभावळ म्हणून आमचं चाक! रोज फुलं वाहिलेली, धावेला झेंडूची माळ. अण्णांनी हात जोडले ते सुटेचनात. मी म्हटलं, संपलं. आता हे देवाचं झालं. आता कोण मागणार?

व्याही गप्पिष्ट. पाहुण्यांना म्हणाले, “आमच्या सूनबाईचं चक्र पाहिलंत का? पण एक गंमत आहे. नारळ सुकले म्हणून सोडले, तर आत हे निघालं.” आणि त्यांनी पायडल फिरवून दाखवलं, पोळपाटाच्या ठोकळ्यासकट. “हे काय असेल, ओळखा पाहू.” कुणी म्हणालं समई ठेवायची जागा, कुणी म्हणालं कळस. मथू पानं वाढत होती. नवी सून, डोक्यावर पदर; तिनं बोलायचं कामच नव्हतं. पण इतक्या दिवसांनी बाप समोर दिसला होता आणि ते चाक समोर होतं. तिच्या तोंडून गेलंच. “ते पाय ठेवायचं आहे. माझे अण्णा बसतात त्यावर. एका चाकावर, हात सोडून!”

केवढ्या अभिमानानं बोलली हो पोर! डोळे नुसते चमकत होते.

 विहीणबाई माझ्या शेजारून उठल्या. “काय म्हणालीस? पायाखालची वस्तू? देवाच्या पाठीशी?” सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे, आणि मग एकेक करून त्यांच्या पायाकडे. तो ठोकळा, तो आखूड पाय. अण्णांनी डावा पाय धोतराखाली ओढून घेतला. मी मनात म्हणत होते, बोला, बोला, एकदा तरी हो म्हणा.

“छे, कुठं काय!” अण्णा म्हणाले. “पोर थट्टा करतेय.”

मथूच्या हातात पळी होती. तिनं ती भांड्यात ठेवली आणि बापाकडे पाहिलं. रागानं नाही, आश्चर्यानं. विहीणबाई म्हणाल्या, “देवासमोर खोटं? आणि तेही बापाच्या नावावर?” मथूनं वर पाहिलं नाही, पण ‘चुकले’ असंही म्हणाली नाही. ती आत निघून गेली. अण्णा प्रसाद घेऊन घरी आले, आणि आमचे हे सगळ्या वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढे दिवाळी आली. पहिला दिवाळसण. अण्णांनी जावयासाठी काय काय जमवलं होतं! तर प्रभादेवीहून निरोप आला, सुनेनं खोटं बोलल्याचं कबूल करून देवासमोर नाक घासलं की पाठवू. तोवर माहेर बंद. निरोप्याला मी विचारलं, “आणि ती काय म्हणते?” तो म्हणाला, “सूनबाई म्हणतात, खोटं बोललेच नाही तर नाक कशाला घासू?” अभ्यंगाच्या दिवशी पाट मांडायचा तो मांडला नाही. चकल्या डब्यातच मऊ पडल्या.

अण्णा म्हणायचे, “उतरेल त्यांचा राग.” दोनदा प्रभादेवीला जायला म्हणून निघाले आणि दोन्ही वेळा भायखळ्याहून परत आले. तिळगूळ करायला घेतला त्या दिवशी जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या आयुष्यात नवऱ्याला कधी टाकून बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “मला त्या चाकाची लाज वाटायची. लोक काय म्हणतील म्हणून रात्र रात्र डोळा लागायचा नाही. आता मला तुमची वाटते.” एवढं बोलून त्या पुन्हा पाकाशी जाऊन बसल्या.  अण्णा माळ्यावर चढले, आणि उतरले ते वाशाला बांधलेला तो दांडा आणि बैठक घेऊन.

संक्रांतीला आम्ही वाण घेऊन शिगरामाची बंद घोडागाडी करून निघालो. अण्णा, जाऊबाई आणि मी. अण्णांच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेलं ते धूड. प्रभादेवीला पोचलो तर अंगण बायकांनी भरलेलं. राग असला तरी पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू कुणी चुकवतं का, चार लोकांत दिसायला नको? मथूला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवली होती. किती वाळली होती! आणि त्या बायकांच्या समारंभात अण्णा, एकटा पुरुष, थेट माजघरात शिरले. चाक भिंतीवर टांगलेलं होतं. विहीणबाई “अहो, अहो” करतात तोवर ते काढून अंगणात आले, आणि खाली बसून पाना घेऊन दांडा जोडायला लागले.  पाना दोनदा निसटला. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजत होत्या. व्याही ओटीवरून धावत आले. “अण्णासाहेब, हे काय?” अण्णांनी वर न बघता सांगितलं, “बैठक.”

मग पगडी आणि अंगरख्यासकट ते विहिरीचा कठडा धरून चढले.

वर्ष होत आलं होतं पाय न लावून, आणि ती फरशी नव्हती, सारवलेलं अंगण होतं. सुटले. मणी वाजत राहिले. तुळशीला अर्धी फेरी घातली असेल नसेल, चाक मातीत रुतलं, आणि अण्णा तोंडघशी पडले. पगडी घरंगळत हळदीकुंकवाच्या तबकापर्यंत गेली. टक्कल उघडं पडलं, ओठ फुटला, आणि चाकाची धाव पार वाकडी झाली. बायका हसल्या. का खोटं सांगू, सगळ्या हसल्या. व्याही तर टाळी देऊन म्हणाले, “वा, वा! पुन्हा एकदा बसा!”

अण्णा मातीत बसूनच म्हणाले, “विहीणबाई, खोटं मी बोललो. देवासमोर मी बोललो. पोरीनं नाही.” आणि ते थांबले नाहीत. “मी लंगडा आहे. मला ह्याच्यावर बसायला आवडतं. ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी माझ्या लेकीला खोटं पाडलं.” आता कुणी हसलं नाही. मला मात्र वाटलं, धरणी दुभंगावी आणि आम्हा सगळ्यांना पोटात घ्यावं.

विहीणबाई बाई करारी, पण न्यायाच्या. म्हणाल्या, “सूनबाई, वडिलांना पाणी दे. आणि चार दिवस माहेरी जाऊन ये.” मग चाकाकडे बोट करून, “आणि हे आमच्या घरात नको. देव बाटवला माझा!” मथूनं पाणी दिलं. तांब्या हातात दिला आणि मागे सरकली.

अण्णा त्यानंतर फार जगले नाहीत. पुढच्या प्लेगात गेले तेव्हा मी मुलांना घेऊन अलिबागेला होते. मला ते दिसले नाहीत. त्यामुळे अण्णा म्हटलं, की मला त्या परतीच्या वाटेवरचेच आठवतात. वाकडं चाक शिगरामाच्या मागे बांधलेलं. आत जाऊबाई आणि मी एका बाजूला, समोर अण्णा आणि त्यांच्या शेजारी मथू, अंगावर अजून हलव्याचे दागिने. परळ मागे पडलं तरी कुणी बोलत नव्हतं. शेवटी अण्णा म्हणाले, “मथू, काही तरी बोल ग.”

मथू बाहेर बघत म्हणाली, “मी बोलले होते, अण्णा. तुम्हीच नाही म्हणालात.”

जाऊबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. अण्णा म्हणाले, “बोलू दे तिला. खरं आहे ते.” आणि त्यांना रडू फुटलं. मोठ्यानं, पोरासारखं, फुटक्या ओठानं. लालबागला गिरणी सुटली होती, रस्ता माणसांनी भरलेला, गाडी पावलापावलानं चाललेली. माणसं आत डोकावून बघायला लागली. मी घाईनं झडप ओढायला हात घातला. आजवर ते माझ्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते, तशी रीतच नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाले, “राहू दे. बघू देत.” मथू शेवटपर्यंत बाहेरच बघत बसली होती, आणि अण्णा सगळ्या लालबागसमोर, तोंड न झाकता, रडत होते.